दीड मताचे दिवस

इलिनॉय राज्यात एकेकाळी दीड मत देता यायचे. थट्टा नाही. राज्याच्या विधानसभेसाठी प्रत्येक मतदाराला तीन मते असत आणि ती कशी वाटायची हे ज्याचे तो ठरवी. तीन उमेदवारांना एकेक द्या, दोघांना दीड-दीड द्या, नाहीतर तिन्ही मते एकाच्याच पदरात टाका. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी शिकागोच्या पश्चिमेला ड्यूपेज काउंटीत राहायला आलो, तेव्हा या पद्धतीने शंभरी गाठलेली होती.

मी ग्रीन कार्डवाला, मला मत नव्हते. पण शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहत, ते दर निवडणुकीला नमुना मतपत्रिका घेऊन माझ्या ओसरीवर येत आणि गणित समजावून सांगत. ते स्वतः कडवे रिपब्लिकन. आमचा भागच तेव्हा रिपब्लिकनांचा बालेकिल्ला होता. पक्ष तीन जागांसाठी दोनच उमेदवार देई आणि पोस्टमास्तर दोघांना दीड-दीड मत देऊन मोकळे होत. त्यांची बायको डेमोक्रॅट. ती आपली तिन्ही मते त्या पक्षाच्या एकुलत्या एक उमेदवाराला देई. निकालाच्या रात्री घरातली दोघेही जिंकलेली असत. मला तर हा नवरा-बायकोतला समझोताच वाटायचा. पुढे कळले की सगळ्या राज्यानेच तो करून ठेवला होता.

हिशेब सोपा होता. राज्यात ५९ मतदारसंघ, प्रत्येकात तीन जागा, एकूण १७७ आमदार. तीन जागा आणि एकवटता येणारी तीन मते असली की पाव हिश्श्याहून किंचित जास्त मतदारांचा गट एक जागा हमखास घेऊन जातो. त्याला कोणी अडवू शकत नाही. त्यामुळे बहुतेक मतदारसंघांत मोठ्या पक्षाचे दोन आणि धाकट्या पक्षाचा एक अशी वाटणी होई. शिकागोतल्या डेमोक्रॅटांच्या गल्ल्यांतून रिपब्लिकन आमदार निवडून येत आणि आमच्यासारख्या रिपब्लिकन उपनगरांतून डेमोक्रॅट.

ही कल्पना यादवी युद्धाच्या राखेतून आली होती. १८६५ मध्ये युद्ध संपले तेव्हा इलिनॉयचा उत्तर भाग रिपब्लिकन होता आणि दक्षिण टोकाचा, ज्याला इथले लोक ‘इजिप्त’ म्हणतात, तो डेमोक्रॅट. उत्तरेतल्या डेमोक्रॅटाला आणि दक्षिणेतल्या रिपब्लिकनाला विधानसभेत कोणी वाली नव्हता. एकाच राज्याची दोन राज्ये होऊ घातली होती. ‘शिकागो ट्रिब्यून’चे संपादक जोसेफ मेडिल, लिंकन यांचे जुने पाठीराखे, यांनी राज्यघटना नव्याने लिहिणाऱ्या परिषदेत हा तीन मतांचा उपाय रेटला आणि १८७० मध्ये मतदारांनी तो मंजूर केला. भाऊ भावाच्या जिवावर उठला ते युद्ध संपून जेमतेम पाच वर्षे झाली होती. अशा वेळी ‘एकमेकांवर प्रेम करा’ असा उपदेश करण्याऐवजी त्या लोकांनी मतपत्रिका बदलली, याचे मला आजही अप्रूप वाटते.

त्या मतपत्रिकेतून माणसेही वेगळीच निघत. सुझन कटानिया या रिपब्लिकन बाईंचा मतदारसंघ शिकागोच्या दक्षिणेकडे, वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीय, कल डेमोक्रॅटांकडे. स्त्रियांना समान हक्क देणारी घटनादुरुस्ती मंजूर व्हावी म्हणून त्या स्वतःच्या पक्षाशी भांडत. एकाच जागेचा मतदारसंघ असता तर त्यांना पक्षाने तिकीटही दिले नसते आणि मतदारांनी त्यांचे नावही ऐकले नसते. तीन जागांपैकी एक मिळण्याची सोय होती म्हणून त्या होत्या. उलट डेमोक्रॅटांमध्ये शिकागोचे महापौर डेली यांच्या पक्षयंत्रणेला न जुमानणारे आमदार असत. प्रत्येक पक्षात दुसऱ्या पक्षाच्या मुलुखात राहणारी चार माणसे होती. बैठकीत कोणी विरोधकांना राक्षस ठरवू लागला की ही माणसे म्हणत, अहो, ते माझे शेजारी आहेत, मी त्यांच्या मतांवरही निवडून येतो.

सगळ्या देशातही तेव्हा थोडीफार हीच हवा होती. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा सिनेटमध्ये सत्ताधारी डेमोक्रॅट पक्षाच्याच दाक्षिणात्य सदस्यांनी अडवून धरला, तेव्हा ती कोंडी फोडली इलिनॉयच्या पीकिन गावच्या एव्हरेट डर्कसन यांनी. ते विरोधी रिपब्लिकनांचे नेते. चर्चा थांबवण्याच्या ठरावाला ७१ मते पडली, त्यांतली २७ त्यांच्या पक्षाची होती. पुढच्या वर्षी वृद्धांच्या आरोग्यविम्याचा, म्हणजे मेडिकेअरचा कायदा आला. प्रतिनिधीगृहातल्या जवळजवळ निम्म्या रिपब्लिकनांनी त्याच्या बाजूने मत दिले. १९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणी निक्सन यांच्यावर महाभियोग चालवावा असे न्याय समितीतल्या ज्या मोजक्या रिपब्लिकनांनी म्हटले, त्यांत मोलाइनचे टॉम रेल्सबॅक पुढे होते. हेही इलिनॉयचेच. आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध मत देऊन ते त्याच वर्षी पुन्हा निवडून आले. आणि १९८४ मध्ये रेगन यांनी पन्नासपैकी ४९ राज्ये जिंकली, तरी प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटांकडेच राहिले, कारण दर पाचांतल्या दोनांहून अधिक मतदारसंघांनी अध्यक्ष एका पक्षाचा आणि खासदार दुसऱ्या पक्षाचा निवडला होता.

आता २०१० चा ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा पाहा: रिपब्लिकनांचे एकही मत नाही. २०१७ चा ट्रम्प यांचा करकपातीचा कायदा पाहा: डेमोक्रॅटांचे एकही मत नाही. २०२० च्या निवडणुकीत अध्यक्ष एका पक्षाचा आणि खासदार दुसऱ्याचा असे मतदारसंघ ४३५ पैकी १६ उरले होते. पूर्वीचे पक्ष म्हणजे कालवलेला भात होता. आता ताटातल्या वाट्या झाल्या आहेत, वरण वरणात आणि ताक ताकात.

मराठी वाचकाला यातला फरक कळायला सगळ्यात सोपा आकडा सोयरिकीचा आहे. १९६० मध्ये अमेरिकन लोकांना विचारले गेले की तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केले तर तुम्हाला वाईट वाटेल का? शंभरातल्या चार-पाच जणांनी हो म्हटले. २०१० च्या पाहणीत निम्मे रिपब्लिकन आणि एक तृतीयांश डेमोक्रॅट नाखूश निघाले. आपल्याकडे स्थळ पाहताना जे प्रश्न दबक्या आवाजात विचारतात, तसा इथे पक्ष विचारला जाऊ लागला. आमच्या मराठी मंडळातसुद्धा सत्तर-ऐंशीच्या दशकांत गणपतीच्या जेवणात कर आणि व्हिएतनाम यांवर आवाज चढायचे आणि श्रीखंडाबरोबर उतरायचे. आता मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पहिलाच नियम आहे: राजकारण नको. नियम शहाणपणाचा आहे. तो करावा लागला, याचे वाईट वाटते.

स्मरणरंजनाची एक खोड असते. ते आठवणींतून नको ते निवडून बाजूला काढते. म्हणून तेही सांगायला हवे. त्या काळातली पक्षांमधली सरमिसळ काही अंशी एका मोठ्या अन्यायावर उभी होती. दक्षिणेतल्या बऱ्याच भागांत १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत कृष्णवर्णीयांना मतदान जवळजवळ अशक्य होते, आणि तिथले वंशद्वेष्टे गोरे नेते डेमोक्रॅट पक्षात होते म्हणूनच तो पक्ष इतका ‘सर्वसमावेशक’ दिसे. हक्क मिळाले, मतदार आपापल्या जागी गेले, पक्ष वेगळे झाले. त्यातले पहिले पाऊल न्यायाचेच होते. शिवाय १९५० मध्ये अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेने अहवाल काढून तक्रार केली होती की आपले दोन पक्ष फार सारखे आहेत, मतदाराला निवड करायला काही उरत नाही! इलिनॉयची पद्धतही निर्मळ नव्हती. दोन्ही पक्षांचे पुढारी आधीच संगनमत करून दोन आणि एक उमेदवार देत, म्हणजे तीन जागांना उमेदवारही तीनच; मतदाराने फक्त शिक्का मारायचा. १९६४ मध्ये तर मतदारसंघांची आखणीच वेळेत झाली नाही म्हणून सगळे १७७ आमदार सबंध राज्यातून एकाच यादीतून निवडावे लागले. ती मतपत्रिका जवळजवळ तीन फूट लांब होती, लोक तिला पलंगपोस म्हणत. डेमोक्रॅटांनी उभे केलेले ११८ च्या ११८ निवडून आले. पोस्टमास्तर त्या वर्षाचे नाव काढले की अजूनही कपाळाला हात लावत.

ही पद्धत मेली ती मात्र तिच्या दोषांमुळे नव्हे. १९७८ ची निवडणूक झाल्या झाल्या आमदारांनी स्वतःचे पगार भरघोस वाढवून घेतले. लोक खवळले. पॅट क्विन नावाच्या तरुण कार्यकर्त्याने सह्या गोळा केल्या: विधानसभा १७७ वरून ११८ वर आणा, तेवढेच पगार वाचतील. त्याच प्रस्तावात, जवळजवळ तळटीपेसारखे, तीन जागांचे मतदारसंघ जाऊन एकेका जागेचे होणार होते. नोव्हेंबर १९८० मध्ये दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी तो मंजूर झाला. लोकांनी आमदार कमी करायला मत दिले आणि त्यांची तीन मते गेली. क्विन पुढे राज्याचे गव्हर्नर झाले. मला नागरिकत्व मिळून पहिली मतपत्रिका हाती आली तेव्हा तिच्यावर प्रत्येक जागेपुढे एकच खूण करायची होती. दीड मत द्यायचे माझे राहूनच गेले.

त्यानंतर काय झाले? शिकागो शहरातून रिपब्लिकन आमदार आता शोधून काढावा लागतो आणि ‘इजिप्त’च्या शेतमळ्यांत डेमोक्रॅट तितकाच दुर्मिळ. एकेका हमखास जागेसाठी पैसा आणि तिकीट देणारे पुढारी बलाढ्य झाले. मायकेल मॅडिगन यांनी १९८३ पासून २०२१ पर्यंत, मधली दोन वर्षे वगळता, विधानसभेचे सभापतीपद सोडले नाही. २००१ मध्ये माजी रिपब्लिकन गव्हर्नर जिम एडगर आणि माजी डेमोक्रॅट खासदार अब्नर मिक्वा यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने अभ्यास करून सांगितले की जुनी तीन मतांची पद्धत परत आणा. कोणी ऐकले नाही. आमचे ड्यूपेजही बदलले. २००८ पासून ते अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटांना मत देते आहे. तेव्हा अल्पसंख्य होते त्यांना तीनांतली एक जागा मिळे. आज अल्पसंख्य आहेत त्या रिपब्लिकनांना असा कोणताही नियम हात देत नाही.

एका जागेच्या मतदारसंघाची खरी गंमत नकाशात आहे. १८१२ मध्ये मॅसेच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या वेळी एक मतदारसंघ इतका वेडावाकडा आखला गेला की वर्तमानपत्राने त्याला पंख फुटलेल्या सरड्यासारखा काढून दाखवला. तेव्हा हे हाताने करत, आता संगणक घराघरांचा हिशेब लावतो. इलिनॉयमध्ये २०२१ मध्ये डेमोक्रॅटांनी नकाशा आखला: काँग्रेसच्या १७ जागांपैकी १४ त्यांच्या, तीन रिपब्लिकनांच्या, आणि त्याच राज्यात २०२४ मध्ये ट्रम्प यांना ४३ टक्क्यांहून अधिक मते होती. उलट बाजूचा नमुना ओक्लाहोमा: तिथे लाखो डेमोक्रॅट आहेत आणि पाचही जागा रिपब्लिकनांच्या. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पक्षहिताच्या नकाशांत केंद्रीय न्यायालये पडणार नाहीत. २०२५ मध्ये टेक्सासने दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेची वाटही न पाहता रिपब्लिकनांच्या सोयीचा नवा नकाशा आणला आणि कॅलिफोर्नियाने मतदारांना विचारून डेमोक्रॅटांच्या सोयीचा. ज्या कॅलिफोर्नियाने नकाशे पुढाऱ्यांकडून काढून नागरिकांच्या आयोगाकडे दिले होते, त्यानेच हे करावे! पण एकाने शस्त्र टाकायचे आणि दुसऱ्याने नाही, हे राजकारणात चालत नाही.

नकाशे असे झाले की नोव्हेंबरची निवडणूक नावाची उरते. खरी चुरस दर दहांतल्या एखाद्या जागेवर. बाकी ठिकाणी निकाल लागतो त्याआधीच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, जिथे थोडे आणि तापलेले मतदार येतात. २०१४ मध्ये व्हर्जिनियात रिपब्लिकनांचे सभागृहनेते एरिक कँटर प्रायमरीत हरले. सात लाखांहून अधिक वस्तीच्या मतदारसंघात मतदान झाले होते जेमतेम ६५ हजार. तेव्हापासून प्रत्येक खासदार विरोधी पक्षापेक्षा आपल्याच घरातल्या कडव्याला घाबरतो.

आपल्या माणसाचे उदाहरण घ्या. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार, ज्यांचे ‘ही श्रींची इच्छा’ हे आत्मचरित्र महाराष्ट्रात घरोघरी वाचले गेले, ते २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसवर निवडून आले. मराठी माणूस म्हणून मलाही आनंद झाला. पण गणित पाहा. डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि ठाणेदारांना २८ टक्के मते पडली. जागा हमखास डेमोक्रॅटांची, म्हणून नोव्हेंबरात ७० टक्क्यांहून जास्त मते घेऊन ते सहज जिंकले. आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या त्या शहराचा जवळजवळ सात दशकांत प्रथमच काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. यात ठाणेदारांचा दोष नाही. त्यांनी असलेल्या नियमाने निवडणूक लढवली. पण तीन जागांचा मतदारसंघ असता तर ठाणेदारही आले असते, दुसरेही आले असते, आणि कोणाला काही हिरावल्यासारखे वाटले नसते.

नियम बदलला की माणसे कशी वागतात याचा एक पुरावा आपल्या डोळ्यांसमोर घडला. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने प्रतिनिधीगृहातल्या दहा रिपब्लिकनांनी मत दिले. चौघांनी पुढची निवडणूकच लढवली नाही, चार प्रायमरीत हरले, दोन टिकले: कॅलिफोर्नियाचे डेव्हिड वॅलडेओ आणि वॉशिंग्टन राज्याचे डॅन न्यूहाउस. या दोन्ही राज्यांत पक्षांच्या वेगळ्या प्रायमरी नाहीत. सगळे उमेदवार एकाच यादीत असतात, सगळे मतदार मत देतात आणि पहिले दोन पुढे जातात. हरलेल्या चौघांतल्या एक बाई वॉशिंग्टनच्याच होत्या, तेव्हा हे कवचकुंडल नव्हे. तरी सिनेटमध्येही तेच दिसले. ट्रम्प यांना दोषी ठरवणाऱ्या सात रिपब्लिकनांपैकी २०२२ मध्ये मतदारांसमोर गेल्या त्या एकट्या अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की, आणि त्या जिंकल्या. अलास्काने २०२० मध्येच सामायिक प्रायमरी आणि पसंतीक्रमाचे मतदान स्वीकारले होते. रेल्सबॅक यांना १९७४ मध्ये जे साध्या नियमाने जमले, ते आज जमवायला नवा नियम लागला.

पसंतीक्रम म्हणजे काय ते महाराष्ट्राच्या वाचकाला सांगायला नको. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात तो जांभळ्या शाईचा पेन घेऊन आपण उमेदवारांपुढे १, २, ३ लिहितो. पहिल्या पसंतीत कोणी कोटा गाठला नाही तर शेवटचा बाद होतो आणि त्याची मते दुसऱ्या पसंतीकडे वळतात. अमेरिकेत मेन राज्याने हे २०१६ मध्ये मतदानाने मंजूर केले. त्याआधी तिथले एक गव्हर्नर ३८ टक्क्यांच्या आसपास मतांवर निवडून आले होते आणि लोकांना ते डाचत होते. न्यूयॉर्क शहरात २०२५ च्या महापौरपदाच्या प्रायमरीत दिग्दर्शिका मीरा नायर यांचा मुलगा झोहरान ममदानी आणि त्याचे प्रतिस्पर्धी ब्रॅड लँडर यांनी चक्क एकमेकांचा प्रचार केला: मला पहिली पसंती द्या, त्याला दुसरी. शिव्या देऊन दुसरी पसंती मिळत नाही, हे पुढाऱ्यांना लवकर कळते. पण लोकांना नव्या पद्धतींची धास्तीही आहे. २०२४ मध्ये नेवाडा, ओरेगन, आयडाहो, कोलोरॅडो या राज्यांनी असे प्रस्ताव फेटाळले. अलास्कात जुन्या पद्धतीकडे परतण्याचा प्रस्ताव हजाराहून कमी मतांनी पडला. हे यश म्हणावे की इशारा?

माझ्या मते पसंतीक्रम एकट्या जागेला लावला तर भाषा सौम्य होते, पण नकाशा तसाच राहतो. शिकागोतला रिपब्लिकन दुसरी, तिसरी, चौथी पसंती लिहूनही शेवटी हरतोच. इलाज आहे तो अनेक जागांच्या मतदारसंघात, आणि तो जमतो हे ओरेगनच्या पोर्टलंड शहराने त्याच २०२४ मध्ये दाखवले: चार विभाग, प्रत्येकी तीन नगरसेवक, पसंतीक्रमाची मते, आणि पाव हिश्श्याहून थोडी जास्त मते मिळाली की जागा. तोच पाव हिस्सा. (महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या चार सदस्यांच्या प्रभागाशी याची गल्लत करू नये. तिथे प्रत्येक जागेचे मत वेगळे, त्यामुळे एकच पक्ष चारही जागा नेऊ शकतो.) न्यूयॉर्कलाही हे नवे नाही. १९३७ ते १९४५ या काळात तिथली नगरपरिषद अशीच निवडली जाई आणि पहिला कृष्णवर्णीय नगरसेवक, ॲडम क्लेटन पॉवेल, त्याच पद्धतीने आला. दोन कम्युनिस्टही आले म्हणून १९४७ मध्ये पद्धतच रद्द झाली. पुढच्या निवडणुकीत २५ पैकी २४ जागा डेमोक्रॅटांच्या.

आणि मराठी माणसाचे या दीड मताशी असलेले नाते ठाणेदारांपेक्षा जुने आहे. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत राखीव जागा असलेल्या बहुसदस्य मतदारसंघांत इलिनॉयसारखीच मते एकवटण्याची मुभा होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने तिचा चांगला उपयोग करून डझनाहून अधिक जागा जिंकल्या. १९५२ मध्ये दोन सदस्यांचे मतदारसंघ होते, पण दोन्ही मते एकाला देता येत नव्हती. उत्तर मुंबईत बाबासाहेब हरले. १९५५ मध्ये ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ या पुस्तिकेत त्यांनी भाषिक राज्यांतल्या अल्पसंख्याकांची भीती घालवण्यासाठी सुचवले ते हेच: दोन किंवा तीन जागांचे मतदारसंघ आणि मते एकवटण्याची मुभा. मेडिल यांनी यादवी युद्धानंतर जे पाहिले ते आंबेडकरांनी जातीच्या समाजात पाहिले. हरणाऱ्याला सभागृहात बसायला एक खुर्ची असली, की तो दारात येऊन दगड मारत नाही.

अमेरिकेच्या काँग्रेससाठी हे का होत नाही? घटनेची आडकाठी नाही. १९६७ च्या एका साध्या कायद्याने प्रतिनिधीगृहासाठी एका जागेचे मतदारसंघ सक्तीचे केले. हेतू बरा होता. दक्षिणेतल्या राज्यांनी सबंध राज्याचा एकच मतदारसंघ करून गोऱ्या बहुमताच्या जोरावर कृष्णवर्णीयांना एकही जागा मिळू देऊ नये, हा धोका टाळायचा होता. पण त्या दाराबरोबर प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचेही दार लागले. ते उघडण्यासाठी व्हर्जिनियाचे खासदार डॉन बायर २०१७ पासून विधेयक मांडत आहेत: तीन ते पाच जागांचे मतदारसंघ, पसंतीक्रमाने मतदान. घटनादुरुस्ती नको, काँग्रेसची मंजुरी आणि अध्यक्षांची सही पुरेल. अडचण एवढीच की ती मंजुरी ज्यांच्याकडे मागायची, ते सगळे आजच्या नियमाने निवडून आले आहेत.

केवळ मतपत्रिकेने सगळी कटुता जाईल असे मी म्हणणार नाही. चोवीस तास बोंबलणाऱ्या वाहिन्या आहेत, फोनवरचे विष आहे, वंशाच्या जुन्या जखमा आहेत. फार पक्ष झाले तर सरकारे डळमळतात, ही शंकाही खोटी नाही. म्हणून तर तीन ते पाच जागा, पन्नास नव्हेत. पण जुन्या दिवसांच्या आठवणी काढताना आमच्या पिढीचे लोक म्हणतात, तेव्हाचे पुढारी सभ्य होते. मला ते पटत नाही. डर्कसन हे मुरलेले, व्यवहारी राजकारणी होते, आणि शिकागोच्या यंत्रणेला सभ्य म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. ती माणसे आजच्या माणसांसारखीच होती. त्यांना दुसऱ्या बाजूच्या मतांची गरज होती, एवढाच फरक. ती गरज मतदारांच्या सरमिसळीने निर्माण केली होती, आणि इलिनॉयपुरती एका लेखी नियमाने. सरमिसळ परत आणता येत नाही. नियम आणता येतो.

निदान इलिनॉयमध्ये तरी त्यासाठी वॉशिंग्टनची वाट पाहायला नको. १९८० ची दुरुस्ती नागरिकांच्या सह्यांनी झाली ती राज्यघटनेच्या ज्या कलमाखाली, ते कलम अजून जागेवर आहे: विधानसभेची रचना आणि कार्यपद्धती यांपुरता बदल लोकांना थेट मांडता येतो. त्या वाटेने तेव्हापासून दुसरी एकही दुरुस्ती पार झालेली नाही. २०१६ मध्ये नकाशे आखण्याबाबतचा प्रस्ताव राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मताच्या फरकाने अडवला. पण एका मतदारसंघातून किती आमदार निवडायचे आणि मतदाराने किती मते द्यायची, याहून ‘रचने’तला विषय दुसरा कोणता असेल? लोकांनी सह्या करूनच ही पद्धत घालवली होती. परत आणायची तर सह्या पुन्हा त्यांनीच करायच्या आहेत, आणि या वेळी पगाराचा राग मनात न ठेवता सगळा प्रस्ताव वाचून.